स्टिअरिंगवरचे दात

शुक्रवारी गाडी जाणार, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच ते तोंडाने म्हणत नव्हतं. गुरुवारी आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे वारलेल्या मामंजींना थडग्यातून बाहेर काढायचं, नव्या रेशमात गुंडाळायचं, खांद्यावर घेऊन नाचायचं, पोटभर गप्पा मारायच्या आणि पुन्हा आत नेऊन ठेवायचं. मग शुक्रवारी त्यांची गाडी समुद्रापलीकडच्या रेयुनियन बेटावरून येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हवाली करायची. मोठ्या भावोजींनी, म्हणजे सोलोफो भावोजींनी, तसा शब्द देऊन टाकला होता. आमच्या घराण्याचे वक्ते तेच. लग्न असो, मयत असो, हाडं फिरवण्याचा सोहळा असो, भाषणाला उभे राहणार ते. दिलेला शब्द परत घ्यायचा तर त्यांना आधी माफीचं भाषण करावं लागतं, आणि ते ऐकण्यापेक्षा गाडी गेलेली परवडली, असं निम्म्या घराचं मत होतं.

उरलेलं निम्मं घर म्हणजे माझी धाकटी नणंद फारा. मी तिच्या बाजूची, पण माझ्या मताला घरात कोण विचारतं? मी मधल्या भावाची, झोएलीची बायको. नाव वोला. आमचे हे टॅक्सी चालवतात, घरी कमी आणि रस्त्यावर जास्त, त्यामुळे त्यांच्या वाट्याची भांडणंसुद्धा मलाच ऐकावी लागतात. या प्रकरणात मी जिथे नव्हते तिथलंही सांगणार आहे. घाबरू नका, ज्याचं त्याने मला नंतर स्वतः येऊन सांगितलंय. आमच्याकडे पोटात काही राहत नाही, भाताशिवाय.

गाडी म्हणजे मामंजींची प्यूजो ४०३. मामंजी गेल्यापासून ती छपराखाली उभी होती. पुढच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. इंजिन आमच्या ह्यांनी चालू करून दिलं, पण आतला अवतार बघवत नव्हता. सीटांचे स्प्रिंग वर आलेले, छताचं अस्तर लोंबकळतंय, दारांची आतली बाजू उंदरांनी खाल्लेली, आणि स्टिअरिंगला इतक्या भेगा की हातात धरलं तर बोटाचं कातडं चिमटायचं. फारा राजधानीत बसच्या नि टॅक्सीच्या सीटा शिवते. बायकांत हा धंदा करणारी मी दुसरी पाहिली नाही. भावोजी तिला म्हणाले, "गिऱ्हाईक आतून चकाचक मागतंय. करून दे." ती म्हणाली, "गिऱ्हाइकासाठी नाही करणार. बाबांचा फोटो त्या सीटवर बसून थडग्यापर्यंत जाणार आहे, त्यासाठी करीन." आणि कामाला लागली ती अशी, की दिवसा शिवायची आणि मनात यायचं तेव्हा उसवायची. काम संपलं की गाडी जाणार, हे तिला कळत होतं ना.

सीटांना तिने राफिया ताडाच्या धाग्यांची घट्ट वीण घातली. गिअरच्या दांड्याला बैलाच्या शिंगाची मूठ बसवली, विस्तवावर मऊ करून, राखेने घोटून. आणि स्टिअरिंग? ते काढून तिने सरळ स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडलं. भेगा करवतीच्या पात्याने आधी मोठ्या केल्या ("मोठी केल्याशिवाय भेग भरत नाही वहिनी, वरवर लिंपलं तर परत उघडते"), मग त्यात लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा लगदा, ठासून भरली, मग घासत बसली. जाडा कागद, मध्यम कागद, बारीक कागद, मग नुसतं पाणी आणि तळहात. रंग जुळवायला उकडलेल्या कसाव्याच्या कंदाचा तुकडा शेजारी ठेवायची, कारण मामंजींच्या चाकाचा रंग अगदी तसा होता. आमच्या थोरल्या जाऊबाई, बाको वहिनी, रोज करवादायच्या, "जेवणाच्या टेबलावर गाडी! उद्या चाक आणून ठेवेल भाताच्या पातेल्यात!" पण भाताचं पातेलं ठेवायला त्या रिंगणाइतकी सोयीची जागा नाही, हे दोन दिवसांत त्यांनाही कळलं.

मंगळवारी सकाळी फाराने स्टिअरिंग जागेवर बसवलं. भावोजी तेव्हा निलगिरीच्या झाडांत भाषणाची तालीम करत होते. ते आले, दार उघडून ऐटीत बसले, दोन्ही हात चाकावर ठेवले आणि एकदम थांबले.

"फारा, हे काय?"

"स्टिअरिंग."

"ते मला दिसतंय. हे खड्डे कसले? इथे वरती, हे दोन?"

"असू दे ते."

"असू दे काय! इतक्या भेगा भरल्यास नि हे दोन टिचभर खड्डे विसरलीस?"

"विसरले नाही दादा. मुद्दाम ठेवलेत. त्या भेगा नाहीत, दात आहेत."

अंगणात स्टुलावर बसून शेंगा सोलणाऱ्या सुआ आत्यांचा हात थांबला. सुआ आत्या म्हणजे मामंजींची थोरली बहीण, घरातलं सगळ्यात जुनं माणूस. त्यांच्याहून मोठं कुणी उरलेलं नाही, त्यामुळे रूढी, विधिनिषेध, शकुन-अपशकुन यांत त्यांचा शब्द शेवटचा. खरा की खोटा हे विचारायचं तर ज्यांना विचारायचं ते सगळे थडग्यात.

"दात?" आत्या निरागसपणे म्हणाल्या. त्यांचा निरागसपणा दिसला की आम्ही सुना ताटं आवरून ठेवतो. "कुणाचे गं बाई?"

"ते मला काय ठाऊक? पण एक खड्डा अख्खा आहे, शेजारचा अर्धा, तिरका. आणि दोघांच्या मध्ये ही एवढी फट."

मी भावोजींच्या तोंडाकडे पाहिलं. आत्यांनी पाहिलं. फाराने तर टक लावून पाहिलं. भावोजींच्या पुढच्या दोन दातांत फट आहे आणि त्यातला एक तिरका तुटलेला आहे, हे अख्ख्या गावाला ठाऊक. ऊस खाताना तुटला, असं ते सांगतात. भावोजींनी तोंड मिटलं. वक्त्याने तोंड मिटलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

आता ती जुनी गोष्ट. ही मुलं लहान असताना गाडी एकदा आपोआप उतारावरून घरंगळत गेली आणि बांध ओलांडून भातखाचरात घुसली. नाकापर्यंत चिखल. कुणी ब्रेक काढला? झोएलीने, असं भावोजींनी सांगितलं. भावोजी नऊ-दहा वर्षांचे, आमचे हे सहाचे. ह्यांनी मार खाल्ला आणि "मी नव्हतो" एवढंच म्हणत राहिले. आजतागायत म्हणतात. लग्नाच्या रात्री मला सांगितलेली पहिली गोष्ट ती. मी त्यांना म्हटलं होतं, "जाऊ द्या हो, लहान होतात." त्यावर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते.

"सोलोफो," आत्या म्हणाल्या, "चाव बघू."

"आत्या!"

"चाव म्हणते ना. तोंड काय नुसतं भाषणाला दिलंय देवाने? चाव, बसतंय का बघू, नाही बसलं तर विषय मिटला."

"मी अठ्ठावन्न वर्षांचा माणूस आहे! परवा हजार लोकांसमोर उभा राहणार आहे! आणि माझ्या घरात मला स्टिअरिंग चावायला सांगतात?" भावोजी गाडीतून उतरले. "फारा, दुपारपर्यंत ते खड्डे भरून टाक. गिऱ्हाइकाला नव्यासारखं पाहिजे." आणि ताडताड निलगिरीत निघून गेले. थोड्या वेळाने झाडांतून त्यांचा आवाज आला, पण भाषणाची सुरुवातच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

फाराने लांबीचा डबा उघडला. मग झाकण लावून टाकलं.

"नाही भरत," ती मला म्हणाली. "वोला वहिनी, बाबा गाडी चालवताना अंगठा कुठे ठेवायचे, आठवतं?"

मला कुठून आठवणार! मी लग्न होऊन आले तेव्हा मामंजींनी गाडी चालवणं जवळपास सोडलं होतं. पण दुसऱ्या एका माणसाला ते आठवलं, आणि त्याच दुपारी.

जेवणाला सगळे जमले तरी भावोजींचा पत्ता नव्हता. बाको वहिनी त्यांना शोधायला बाहेर पडल्या. जाऊबाई त्या दिवसांत जमिनीपासून चार बोटं वर चालत होत्या. मामंजींना गुंडाळायचं रेशीम त्यांनी आणलं होतं, स्वतः विणकरांच्या गावी जाऊन, रानरेशीम, काठाला तीन पांढऱ्या रेघा खास सांगून घातलेल्या. गावातल्या एकाही बाईला त्यांनी हे सांगायचं सोडलं नव्हतं. ते बोचकं आत्यांच्या खोलीत ठेवलेलं, आणि गुरुवारपर्यंत ते कुणी उघडायचं नाही अशी आमच्याकडची रीत.

तर जाऊबाई छपराशी आल्या आणि काचेतून त्यांना दिसलं, की आपले आदरणीय यजमान डोळे मिटून, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, ते चावत बसलेत.

"अगंबाई," जाऊबाई म्हणाल्या. त्यांना आधी वाटलं, माणूस भुकेने गेला. मागचं दार उघडून त्या आत बसल्या. "अहो! भात झालाय घरात!"

भावोजी दचकले. तोंड पुसलं. पण पकडला गेलेला माणूस खोटं बोलण्याच्याही पलीकडे जातो तसं त्यांचं झालं.

"बसतंय गं," ते हळूच म्हणाले. "अगदी बरोबर बसतंय. मीच ब्रेक काढला होता, बाको. चाकावर तोंड आपटलं. तोंडात रक्त घेऊन मी दारामागे उभा होतो आणि बाबा झोएलीला मारत होते. आणि तुला सांगतो, बाबांना ठाऊक होतं. नंतर गाडी चालवताना त्यांचा अंगठा कायम इथेच असायचा, या खड्ड्यांवर. फिरत असायचा. मी शेजारी बसायचो आणि खिडकीबाहेर बघायचो. एका शब्दाने कधी विचारलं नाही त्यांनी मला. वाट बघत होते."

दुसरी एखादी बायको इथे रडली असती. जाऊबाईंना हसू फुटलं. सगळा जन्म ज्या माणसाच्या भाषणांत सत्य, न्याय आणि बंधुभाव ऐकला, तो लहानपणीचा खोटारडा निघाला याचा त्यांना इतका आनंद झाला की त्या मान मागे टाकून खदाखदा हसायला लागल्या. आणि मान मागे टाकल्यामुळे त्यांना छत दिसलं.

हसणं बंद झालं आणि किंकाळी सुरू झाली.

आम्ही भाताचे चमचे हातात घेऊन धावलो. मला वाटलं साप असेल. जाऊबाई गाडीतून अर्ध्या बाहेर, अर्ध्या आत, एक हात छताकडे.

"माझं रेशीम! सासऱ्यांचं रेशीम! छताला ठोकलंय! तीन रेघा बघा, माझ्या तीन रेघा!"

मी वाकून पाहिलं. खरंच की! तांबूस तपकिरी रानरेशीम, तारेच्या कमानींवर सुरेख ताणून बसवलेलं, कडेला बारीक चुण्या आणि पुढच्या काचेच्या वर तीन पांढऱ्या रेघा. इतकं देखणं छत मी कुठल्याच गाडीला पाहिलं नव्हतं. पण मेलेल्या माणसाचं वस्त्र गाडीच्या छताला!

"फारा!" भावोजी गरजले. "हे तू केलंस?"

फारा पांढरीफटक पडली. "मला काय माहीत ते बाबांचं आहे? मला वाटलं जुनं कापड आहे. मला दिलं ते मी लावलं."

"सीटा शिवणाऱ्या बाईला रेशीम कळत नाही होय?" जाऊबाई कडाडल्या. "दोन दिवसांवर सोहळा! आता काय गुंडाळू सासऱ्यांना? टॉवेल?"

"वहिनी, तोंड सांभाळून बोला. मी चोरलेलं नाही."

"मग चालत आलं का ते?"

"आत्याने दिलं!"

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. सुआ आत्या सावकाश अंगणातून येत होत्या. हातात वाटी, तोंडात शेंगदाणे.

"ओरडताय कशाला? शेजारी जेवताहेत," त्या म्हणाल्या. "हो, मी दिलं. माझ्या खोलीत दोन बोचकी आहेत. म्हाताऱ्या माणसाचे डोळे. चुकलं."

आत्यांचे डोळे! भाताच्या सुपातला खडा त्यांना अंगणाच्या दुसऱ्या टोकावरून दिसतो. पण चुकलं म्हटल्यावर बोलायचं काय? जाऊबाईंनी पदर खोचावा तशी कमरेची शाल आवळली.

"चुकलं तर चुकलं. काढा ते. फारा, आत्ताच्या आत्ता काढ, धुऊन घेऊ."

"थांब," आत्या म्हणाल्या. "काढायचं नाही. जित्या माणसांच्या डोक्यावर ताणलेलं रेशीम आधीच गेलेल्याला चालत नाही."

मग भावोजींनी घसा साफ केला. "आत्या, हा नियम मी कधी ऐकला नाही."

"तू काय काय ऐकलेलं नाहीस!"

"कुणाचा नियम आहे हा?"

"माझ्या आजीचा."

"पण ती तर..."

"गुरुवारी तीही बाहेर येतेय. विचार तिला."

फारा पटकन तोंड फिरवून खोकली. मी चमचा चावला. भावोजींना मात्र हसू आलं नाही. ते हजार लोकांपुढे बोलणारे, पण घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाने सांगितलेल्या नियमाला खोटं कोण म्हणणार? आणि समजा खरा असला तर?

"मग ते रेशीम आता कुणाला चालतं?" जाऊबाई रडकुंडीला येऊन म्हणाल्या.

"पुढे जाणाऱ्याला."

आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात एकमेकांची वयं मोजली. मग सगळ्यांच्या नजरा एकाच ठिकाणी पोचल्या आणि तिथून पटकन जमिनीकडे गेल्या.

"खाली कशाला बघताय? मीच," आत्या म्हणाल्या. त्यांनी एक शेंगदाणा तोंडात टाकला. "म्हणजे ते रेशीम माझं झालं. आता ज्या गाडीला माझं रेशीम लावलंय, ती परक्या माणसाला कशी द्यायची, ते मला समजावून सांग, सोलोफो. माझी वेळ आली की समुद्रापलीकडे माणूस धाडणार आहेस, छत मागायला?"

भावोजींच्या लक्षात येऊ लागलं. वाक्यं जुळवणारा माणूस, दुसऱ्याची जुळवाजुळव त्याला ओळखू येतेच. "छत काढून घरात ठेवू," ते म्हणाले. "गाडीला दुसरं लावता येईल."

"ते खाली उतरेल माझ्याच दिवशी. आधी उतरवलं तर मला हाक मारल्यासारखं होतं. मारायची आहे का तुला हाक?"

"आत्या! काहीतरीच!"

"मग झालं तर."

इकडे फाराच्या डोक्यात उजेड पडत होता. तिने मला नंतर सांगितलं, तिला एकाएकी ते बोचकं देतानाचं आत्यांचं बोलणं आठवलं. 'कात्री लावायची नाही. डिंक लावायचा नाही. कडा दुमडून घे, चुण्या घाल आणि कच्चा टाका मार, ओढला की निघेल असा.' फारा वैतागली होती. छताला कुणी कच्चा टाका मारतं का? पण आत्यांपुढे कोण बोलणार, म्हणून तिने निमूटपणे अख्खं कापड न कापता बसवलं होतं, शहरात कुणाला दाखवायची सोय नाही असं काम. आता ती आत्यांकडे बघत होती आणि तिचे डोळे भरून आले.

"आत्या, तू मुद्दाम..."

"तू गप गं. शेंगा सोल."

पण जाऊबाईंचं काय? त्यांचं दुःख खरं होतं. थोरल्या सुनेने आणलेलं रेशीम, अख्ख्या गावासमोर उलगडायचं, ते आता उलगडणारच नव्हतं. त्या गाडीच्या पायरीवर बसून मुसमुसायला लागल्या. आत्या त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.

"बाको, गुरुवारी तुझं रेशीम किती वेळ दिसलं असतं? नाचून होईपर्यंत. त्यातही धूळ, धक्काबुक्की, दारूडे. मग थडग्याचं दार बंद, पुढच्या सोहळ्यापर्यंत सात वर्षं अंधार. आता बघ. मिरवणुकीत पहिली गाडी ही. खिडक्या उघड्या. जो तो वाकून आत बघणार आणि विचारणार, हे छत कुणी आणलं? बाजाराच्या दिवशी विचारणार, लग्नात विचारणार. आणि शेवटी मी जाणार तीसुद्धा तुझ्याच रेशमात. थोरल्या सुनेला आणखी काय मान पाहिजे?"

जाऊबाईंनी डोळे पुसले. वर बघितलं. तीन रेघा उन्हात चमकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर हिशेब होताना मला दिसला, आणि तो जमला तेव्हाही दिसला.

"अहो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "त्या गिऱ्हाइकाला कळवून टाका. गाडी नाही मिळायची म्हणावं."

"मी शब्द दिलाय, बाको!"

"मला लग्नात दिले होतेत तेही मी अजून मोजतेय. कळवा."

भावोजी एकटे पडले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी झोएलीची बायको, मी काय मदत करणार? मग त्यांनी सवयीप्रमाणे हात पुढे जोडले, मान किंचित झुकवली आणि आवाज लावला. "माझ्याहून वडीलधारी माणसं इथे असताना मी तोंड उघडतोय, याबद्दल प्रथम क्षमा मागतो. मी वयाने लहान, अकलेने..."

"ही तुझी नेहमीची माफी," आत्या म्हणाल्या. "न केलेल्या चुकांची. केलेल्या चुकीची एकदा मागून बघ. बाको काय ऐकून हसत होती ते मीही कुंपणापलीकडून ऐकलंय."

भावोजींचा हात खाली आला. ते माझ्याकडे वळले. वाक्य सापडेना त्यांना, आणि मला त्यांची कीव आली.

"वोला," ते म्हणाले, "झोएली नव्हता. मी होतो."

"भावोजी, मला सांगून काय उपयोग?" मी म्हटलं. "मी जाऊन सांगितलं तर हे म्हणतील, त्यात नवीन काय, मी तर हे लग्नाच्या रात्रीच सांगितलं होतं. तुम्हीच सांगा त्यांना."

"कुठे असेल तो आता?"

"टॅक्सी स्टँडवर. संध्याकाळी पाहुण्यांना घेऊन निघतील."

आत्या मधेच उठून घरात गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात दुसरं बोचकं होतं. ते त्यांनी जाऊबाईंच्या मांडीवर ठेवलं. जुनं, घट्ट विणीचं रेशीम, एकही रेघ नाही. ते आत्यांनी तरुणपणी स्वतः विणलं होतं, स्वतःसाठी. आमच्यातल्या प्रत्येकीला ते माहीत होतं आणि त्यावर कधी कुणी बोट ठेवलं नव्हतं.

"हे गुरुवारी माझ्या भावाला."

"आत्याबाई," जाऊबाई कशाबशा म्हणाल्या, "स्वतःचं कुणी देतं का हो?"

"माझा नवरा मारायचा, हे तुम्हा पोरींना कुणी सांगितलं नसेल. इथे सांगत नाहीत ते. मी निरोप धाडला नव्हता तरी भाऊ हीच गाडी घेऊन आला दारात. थंडी मी म्हणत होती. अंगातला कोट काढून त्याने माझ्यावर घातला आणि घरी येईपर्यंत नुसत्या सदऱ्यावर गाडी चालवली. दात वाजत होते त्याचे. तो कोट परत करायचा राहून गेला, तो आता करतेय." आत्यांनी बोचक्यावरून एकदा हात फिरवला. "आणि सोलोफो ती गाडी विकायला निघाला होता. मला राग आला. फार राग आला. नुसतं नको म्हटलं असतं तर तू भाषण केलं असतंस."

फारा रडत होती, जाऊबाई रडत होत्या, मीही रडत होते, हातातला चमचा तसाच. भावोजी आमच्याकडे पाठ करून गाडीच्या टपावर हात ठेवून उभे होते.

"रडून झालं की जरा हात द्या," आत्या म्हणाल्या. "फारा, ती सीट मागे पाड बघू. पडते ना अजून सपाट?"

त्या गाडीची पुढची, चालकाशेजारची सीट मागे पडून पलंग होतो. आमच्या घराण्यातल्या एकदोघांचा उगम त्या पलंगावर झाल्याचं घरात दबक्या आवाजात सांगतात. फाराने खटका ओढला. नवी वीण करकरली आणि सीट आडवी झाली. आत्या आत चढल्या, पाय लांब केले, हात छातीवर ठेवले आणि वर बघू लागल्या. त्यांच्या नाकासमोर हातभर अंतरावर ते रेशीम, तीन रेघा पायाशी.

आम्ही दारांतून वाकून बघत राहिलो. आत्यांनी डोळ्यांनीच डोक्यापासून पायापर्यंत कापड मोजलं.

"पुरतंय," त्या म्हणाल्या. "लांबीला भरपूर आहे. बाको, छान निवडलंस हो." मग त्यांनी डोळे मिटले. इतका वेळ मिटले की भावोजी घाबरून चाकामागे येऊन बसले आणि त्यांच्या तोंडाजवळ वाकले.

"आत्या? आत्या, उठ ना गं."

"कशाला उठू? चांगलं पडलेय." एक डोळा उघडला. "तू किल्ली लाव. झोएलीच्या स्टँडवर जायचंय ना?"

भावोजींनी नाक पुसलं. किल्ली लावली. इंजिन दोनदा खोकलं आणि धरलं. छपरातल्या कोंबड्या ओरडत पळाल्या. मी आणि फारा मागे उरलेल्या जागेत दाटीने बसलो, जाऊबाई आमच्या मांडीवरून आत घुसल्या. भावोजींनी दोन्ही हात चाकावर ठेवले, आणि त्यांचा अंगठा त्या दोन खड्ड्यांवर गेला आणि तिथेच राहिला.

"सोलोफो," सीटवर आडव्या पडलेल्या आत्या आपल्या कफनाकडे बघत म्हणाल्या, "सावकाश ने बाबा. मागच्यासारखी शेतात घालू नकोस."